कुठलं स्टेशन होतं ते?

नौपाडा, ठाणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन आपटलास त्यावर मी काही बोलणार नाही. आपटलास म्हणजे ठेवलास. हल्ली आपटायला रिसीव्हर कुठे आहे! आई म्हणाली, व्हॉट्सअॅपवर भांडत बसू नका, नीट पत्र लिहा. दादा मेलने पाठवेल.

म्युनिकहून लाइपझिगला परत येताना कनेक्शन चुकलं आणि रात्री बारा ते पहाटे पाच, मधल्याच कुठल्याशा छोट्या स्टेशनवर बसून काढले, हे तू हसत हसत सांगितलंस. आईही आधी हसली, मग उठून आत गेली. मी एवढंच विचारलं, कुठलं स्टेशन? तर म्हणे, 'काय फरक पडतो, बाबा? तुम्ही नाही का जन्मभर रात्री स्टेशनवर काढल्यात?'

काढल्या. पण बुकिंगच्या खिडकीच्या आतून. दाराला आतून कडी, समोर जाळी, हाताशी फोन. शेवटची गाडी गेली की कॅश जुळवायची, आणि मग पहिल्या गाडीपर्यंत स्टेशन कोणाचं असतं ते मला माहीत आहे. सगळे वाईट नसतात. बरेचसे नुसते झोपलेले असतात. उरलेल्यांचं सांगत नाही.

तू पाचवी-सहावीत असशील तेव्हाची गोष्ट. शेवटची कर्जत चुकलेली एक कॉलेजची मुलगी खिडकीशी आली. तिकीट नको होतं, नुसतं उजेडात उभं राहायचं होतं. ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलेलं की बोट पांढरं पडलं होतं. आरपीएफच्या बाईंना बोलावून तिला बाकावर बसवलं, स्टेशन मास्तरांच्या ऑफिसातून बदलापूरला तिच्या घरी फोन लावून दिला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत वडिलांनी उचलला. मी शेजारीच होतो, पलीकडचा आवाज ऐकू येत होता. त्या माणसाने ओरडा नाही केला, रडला नाही. विचारलं, 'कुठलं स्टेशन?'

असो. हे सांगायचं नव्हतं.

तुझ्या हिंडण्याचा मला राग नाही हे आधी समजून घे. उलट रोज रात्री नकाशा काढून बसतो. तुमची लाइपझिग–ड्रेस्डेन लाइन 1839 सालची, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्याच्या चौदा वर्षं आधीची. आणि तुमचं स्टेशन 1915 साली पुरं झालं, क्षेत्रफळाने युरोपात पहिलं. तलावपाळीच्या कट्ट्यावर मी हे सगळ्यांना ऐकवलं आहे. युनिव्हर्सिटी 1409 सालची, जर्मनीच्या माजी चान्सलर मर्केलबाई तिथेच फिजिक्स शिकल्या, हेही. पहिल्या मजल्यावरचे काका आता मला बघितलं की चालण्याचा वेग वाढवतात. तुला निबंधात 1.7 मिळाले म्हणालीस तेव्हा आईचा चेहरा पडला होता. तिकडे 1 म्हणजे अव्वल आणि 5 म्हणजे नापास, हे मी समजावल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली. प्रोफेसरांशी वर्गात वाद घातलास तेही आवडलं. इथे कधी तोंड उघडलं नाहीस. घरातलं सोडून.

पण तुझं सेमिस्टर तिकीट रीजनल गाड्यांनाच चालतं, आयसीईला, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना, नाही. म्हणजे लांबच्या प्रवासात दोन-तीन ठिकाणी गाडी बदलणं आलं, आणि एक लेट झाली की पुढचं सगळं गेलं. म्हणून शेवटच्या कनेक्शनवर कधी विसंबायचं नाही. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी हीच आपली शेवटची गाडी. मोबाइल पूर्ण चार्ज, 112 हा इमर्जन्सी नंबर लक्षात, थोडे रोख युरो वेगळ्या खिशात. तिकडे आता चार-साडेचारलाच अंधार पडतो, थंडी शून्याखाली जाते, आणि छोट्या स्टेशनवर रात्री कोणी माणूस नसतो, नुसती तिकिटाची मशीन. त्यातून तू ते पातळ जाकीट घालून

बघ, लागलो परत भाषण द्यायला. माफ कर. दादाला बारावीत रोज हेच ऐकवायचो आणि तो हेडफोन घालायचा.

व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो सुटतात, त्यात भाडं आणि इन्शुरन्स जाऊन किती उरतं याचा हिशेब मला येतो. पैसे वाचवायला म्हणून बाकावर रात्र काढली असशील तर ते बंद. पुन्हा अडकलीस तर सरळ जवळच्या हॉटेलात जा, कितीही महाग असो. पैसे मी पाठवीन. त्यावर 'बाबा, राहू दे' नको.

प्रागला जाणार आहेस असं आईकडून कळलं. जा. कोणाबरोबर ते विचारत नाही. (आई विचारेल.) फक्त निघताना गाडीचा नंबर आणि बदलायच्या स्टेशनांची नावं टाक. घड्याळं मागे गेल्यापासून आपल्यात साडेचार तासांचं अंतर आहे. तुझे बारा वाजतात तेव्हा इथे साडेचार झालेले असतात. तशीही मला त्या वेळी जाग असते, नाइट ड्यूटीची सवय. त्यामुळे बाबांची झोपमोड होईल म्हणून फोन केला नाही, हे कारण चालणार नाही.

नानीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या मते तू हॉस्टेलवर आहेस आणि सातच्या आत घरात.

पार्सल सोमवारी करतोय. तूप आणि पेढे काढून टाकले, दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत म्हणे. आईने तेवढ्या जागेत भाजणी आणि मेतकूट कोंबलं आहे. दाराच्या बेलवर तुझं नाव लागलं आहे ना? नाहीतर पार्सल परत येतं असं दादा म्हणतो. तेवढं बघून कळव.

तुझा,
बाबा