तक्रार पत्र: ‘सिक्युअर रिमोट ॲक्सेस’ या नावाखाली कार्यालयाचा संगणक थेट इंटरनेटवर उघडा ठेवल्याबाबत

दिनांक: १८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग
(प्रत: आपली फोंडा शाखा)

विषय: घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी घेतलेल्या रिमोट सेवेत व्हीपीएन (इंटरनेटवरचा बंदिस्त, सांकेतिक मार्ग) व दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय मोबाईलवर दुसरी खात्री) न दिल्याबद्दल, तसेच राउटरचा पासवर्ड अडवून ठेवल्याबद्दल तक्रार.

महोदय/महोदया,

गेल्या जूनच्या अखेरीस आपल्या कंपनीने फोंड्यातील वरच्या बाजारातल्या माझ्या कर सल्लागार कार्यालयात एक काम केले. आमच्या लेखापाल बाई सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही पुढे राहतात. सासूबाई अंथरुणाला खिळल्यामुळे त्यांना रोज येणे जमेना, म्हणून त्यांनी घरच्या लॅपटॉपवरून कार्यालयातील संगणकावर काम करावे असे ठरले. त्या संगणकात टॅलीचा सगळा डेटा आहे. अशिलांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटे, भाडेकरार आणि एक-दोन घरांतली वाटणीची कागदपत्रेही त्यात आहेत. म्हणून आपल्या प्रतिनिधीला मी पहिल्याच भेटीत सांगितले आणि नंतर ईमेलनेही कळवले, की स्वस्त नसले तरी चालेल, सुरक्षित हवे. त्याप्रमाणे कोटेशनमध्ये ‘व्हीपीएन व मोबाईलवरील दुहेरी पडताळणीसह सिक्युअर रिमोट ॲक्सेस’ असे लिहून आले. त्याचेच पैसे आम्ही जीएसटीसकट भरले. कोटेशन, बिल आणि तो ईमेल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

यातले व्हीपीएन बसवलेले नाही आणि दुहेरी पडताळणीही नाही. राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचा पोर्ट (बाहेरून आत यायचे दार) उघडून तो सरळ कार्यालयातील संगणकाकडे वळवला, एवढेच काम झाले आहे. हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुसरीकडून संगणक चालवण्याच्या सोयीचा, ठरलेला क्रमांक. कोणीही, कुठेही बसून आमचा आयपी पत्ता टाकला की त्याच्यापुढे आमच्या संगणकाचे लॉगिन येते. मध्ये अडवायला फक्त एक नाव आणि एक पासवर्ड.

एवढे चालावे म्हणून आम्हाला स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घ्यायला लावला तो वेगळाच. आमचे ब्रॉडबँड सीजीनॅटच्या मागे होते, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, त्यामुळे बाहेरून थेट आत येता येत नव्हते. आपल्या तंत्रज्ञाने ही ‘अडचण’ म्हणून सांगितली आणि आम्ही दरमहा जादा भाडे भरू लागलो. दोन्ही संगणकांनी आतून बाहेर जोडून मध्ये भेटावे, अशी व्हीपीएन आज सर्रास मिळतात. त्यांना स्टॅटिक आयपीही लागत नाही आणि राउटरमध्ये पोर्टही उघडावा लागत नाही. म्हणजे जी सुरक्षित पद्धत कोटेशनमध्ये होती तिला हा खर्च लागलाच नसता.

व्हीपीएन का नाही, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, की सत्तरीत नेटवर्क कमी, व्हीपीएन टाकले की स्पीड पडतो. थोडा वेग जातो हे मान्य. पण टॅलीत व्हाउचर टाकायला असा किती वेग लागतो? आणि मुख्य म्हणजे हा निर्णय आम्हाला विचारून घ्यायचा होता. परस्पर गाळून वर त्याचे बिल लावायचे नव्हते.

आता पुढची हकीकत. जुलैच्या सुरुवातीपासून बाईंना सकाळी लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर असूनही, फार वेळा प्रयत्न झाल्यामुळे खाते लॉक केले आहे, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश यायचा. थोड्या वेळाने एखाद वेळ उघडायचे, की पुन्हा तेच. जीएसटीआर-१ या जीएसटीच्या विक्री विवरणपत्राची ११ तारीख तोंडावर आलेली. आपल्या सपोर्टला फोन केला तर ऐकायला मिळाले, ‘मॅडम, त्या बाईंना कॅपिटल-स्मॉल कळत नसेल.’ ज्या बाईंनी टॅलीच्या कितीतरी आवृत्त्या पचवल्या त्यांच्याबद्दलचा हा शेरा मी विसरलेले नाही, आणि त्याही विसरलेल्या नाहीत.

खरे कारण वेगळेच होते. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्या संगणकांत मायक्रोसॉफ्टने मुळातच अशी सोय ठेवली आहे, की दहा मिनिटांत दहा चुकीचे पासवर्ड पडले की खाते दहा मिनिटे बंद. आमचा संगणक याच वर्षी घेतलेला, त्यामुळे ती सोय चालू होती. खात्याचे नाव आपल्या तंत्रज्ञाने ‘ॲडमिन’ ठेवलेले, म्हणजे इंटरनेटवर पासवर्ड मारत फिरणारे प्रोग्राम सर्वांत आधी जे नाव घालून बघतात नेमके तेच. ते प्रोग्राम दिवसरात्र आमच्या खात्यावर चुकीचे पासवर्ड टाकत होते, म्हणून बाई बरोबर पासवर्ड टाकूनही बाहेरच राहत होत्या.

यावर आपल्या तंत्रज्ञाने रिमोटनेच येऊन ती लॉकआउटची मर्यादा शून्य करून ठेवली. म्हणजे आता कोणी कितीही वेळा चुकले तरी खाते बंद होणार नाही. बाईंचे लॉगिन झटक्यात होऊ लागले आणि आमची तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली. रात्रभर भुंकतो म्हणून राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधावे, तसला हा उपाय. तो केल्याचे आम्हाला कोणी सांगितलेही नाही.

हे उघडकीला आले ते योगायोगाने. ऑगस्टमध्ये, चतुर्थी तोंडावर असताना, आमच्या एका अशिलाच्या काजू कारखान्यात संगणक सांभाळणारे गृहस्थ कार्यालयात आले होते. विषय निघाला म्हणून त्यांनी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला सिक्युरिटी लॉग, म्हणजे लॉगिनची नोंदवही, उघडला. ४६२५ क्रमांकाची नोंद म्हणजे फसलेले लॉगिन. पडदाभर तीच. खाली सरकवत नेले तरी तीच, मिनिटाला आठ-दहा. नावे काय, तर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘ॲडमिन’, ‘यूजर’, ‘टेस्ट’, ‘स्कॅनर’, आणि मध्येच ‘मारिया’. आमच्या कार्यालयात मारिया कोणी नाही.

त्यांनी मग ४६२४ च्या, म्हणजे यशस्वी लॉगिनच्या नोंदी गाळून पाहिल्या. परका पत्ता दिसला नाही, म्हणून मी सुस्कारा सोडणार तोच ते म्हणाले, जुने काही शिल्लकच नाही. या लॉगचा आकार मुळात २० एमबी असतो. तो भरला की जुन्या नोंदी पुसून त्या जागी नव्या लिहिल्या जातात. या माऱ्यामुळे त्यात जेमतेम दोन-तीन दिवस मावत होते. जुलै गेला, बहुतेक ऑगस्ट गेला. कोणी आत आले होते का, हे ज्या नोंदी सांगू शकल्या असत्या त्या बाहेरच्या माऱ्यानेच वाहून नेल्या. लॉगचा आकार वाढवणे हे दोन मिनिटांचे काम, तेही आपण केले नव्हते.

माझी मुख्य तक्रार ही आहे. उद्या एखाद्या अशिलाने विचारले, की आमचे कागद परक्या माणसाने पाहिले का, तर मला ‘नाही’ असे छातीठोकपणे सांगता येत नाही. आमच्या धंद्यात याहून वाईट अवस्था नाही. फोंड्यासारख्या गावात अशील जाहिरात बघून येत नाहीत, कोणीतरी सांगितले म्हणून येतात आणि कोणीतरी सांगितले म्हणून जातातही.

मी त्याच दिवशी लेखी कळवले. ‘चतुर्थीनंतर बघू’ असे उत्तर आले. भाद्रपदात फोंड्यात सगळेच चतुर्थीनंतर असते हे मला नवे नाही, सुताराचेही आणि रंगाऱ्याचेही. पण इथे पोर्ट उघडा होता. शेवटी त्या गृहस्थांच्या मदतीने मीच विंडोजमधला रिमोट डेस्कटॉप बंद करून टाकला. तेव्हापासून बाई पुन्हा उसगावमार्गे बसने ये-जा करत आहेत आणि सासूबाईंना शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडावे लागते आहे.

चतुर्थी झाल्यावर आपला तंत्रज्ञ आला आणि त्याने पोर्टचा क्रमांक ३३८९ चा ३३९० केला. आता सुरक्षित झाले म्हणाला. उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम सगळे क्रमांक चाळतात आणि समोर रिमोट डेस्कटॉप आहे हे पहिल्याच देवाणघेवाणीत ओळखतात, हे त्याला ठाऊक नसेल तर आपण त्याला शिकवायला हवे होते. ठाऊक असूनही म्हणाला असेल तर मग काय बोलावे!

‘मग पासवर्ड मोठा ठेवा’ हाही सल्ला त्याने दिला. मे २०१९ मध्ये जाहीर झालेला ब्लूकीप नावाचा दोष रिमोट डेस्कटॉपमधलाच होता आणि त्याला पासवर्ड लागतच नव्हता. तो इतका गंभीर होता, की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये सेवा थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. आमच्या विंडोज ११ ला तो दोष नाही. परंतु रिमोट डेस्कटॉप उघड्या इंटरनेटवर ठेवू नये, तो व्हीपीएनच्या आड ठेवावा, हे तेव्हापासून तरी या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

पासवर्डचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. त्याच भेटीत त्याला राउटरचा पासवर्ड आठवेना. त्याने आपल्या कार्यालयात फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि समोर खुर्चीत आमचे एक अशील बसलेले असताना पलीकडून मोठ्याने वाचून दाखवले गेले: ‘पोंडा, ॲट, वन टू थ्री. पी कॅपिटल.’ अशील हसले. मला हसू आले नाही. वर तंत्रज्ञाची पुस्ती, ‘सगळ्या कस्टमरना तोच ठेवतो, लक्षात राहतो.’ आपले ग्राहक फोंडा बाजारात किती आहेत ते आपल्याला माहीत, आणि त्या सगळ्यांचा पासवर्ड आता आमच्या त्या अशिलांनाही माहीत. मी तो बदलायला सांगितला. त्याने तिथल्या तिथे बदलला आणि नवा पासवर्ड मात्र मला द्यायला नकार दिला!

राउटर आम्ही विकत घेतलेला आहे. ‘ग्राहकाला पासवर्ड दिला की तो सेटिंग बिघडवतो आणि मग आम्हालाच निस्तरावे लागते,’ असे आपल्या शाखेचे म्हणणे. काही ठिकाणी तसे होतही असेल. मग बंद पाकिटात द्या, पाकीट फुटल्यावरचा बिघाड आमच्या खर्चाने, असे मी सुचवले, तेही मान्य झाले नाही. राउटर रिसेट करावा तर इंटरनेट सुरू करायला लागणारे ब्रॉडबँडचे नाव-पासवर्डही आपल्याच तंत्रज्ञाने ठेवून घेतलेले आहेत. म्हणजे आमच्याच वस्तूत आम्ही भाडेकरू.

बाईंच्या घरच्या लॅपटॉपचे तर बोलायलाच नको. ‘घरच्या संगणकाची तपासणी’ असे बिलात आहे, पण सत्तरीत कोणी गेलेच नाही, सगळे फोनवर उरकले. तो लॅपटॉप मुलेही वापरतात. त्यात कार्यालयाचा पासवर्ड जतन करून ठेवलेला आणि ड्राइव्ह जोडणी, म्हणजे घरच्या लॅपटॉपची डिस्क कार्यालयाच्या संगणकात दिसण्याची सोय, चालू, त्यामुळे कार्यालयातली फाइल घरी उतरवायला कसलीच आडकाठी नव्हती.

आता आमच्या मागण्या. सर्वांत आधी राउटरचा आणि ब्रॉडबँडचा पासवर्ड आमच्या हाती द्यावा, यासाठी तीन दिवस पुरेत. उघडलेला पोर्ट कायमचा बंद करून तसे लेखी द्यावे आणि लॉकआउटची मर्यादा पूर्ववत करावी. कोटेशनमध्ये लिहिलेले व्हीपीएन दुहेरी पडताळणीसह, जादा पैसे न घेता बसवावे. बाईंसाठी ॲडमिन अधिकार नसलेले वेगळे खाते असावे आणि आपल्या तंत्रज्ञाला आत यायचे असेल तेव्हा आम्ही परवानगी दिल्याशिवाय येता येऊ नये. हे पंधरा दिवसांत होणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी, म्हणजे आम्ही दुसऱ्याकडून करून घेऊ. स्टॅटिक आयपीचे आजवरचे भाडे दोन्ही परिस्थितींत परत हवे, कारण ते केवळ आपल्या पद्धतीमुळे लागले.

याशिवाय एक गोष्ट पैशांत भरून येणारी नाही ती मागते: जूनपासून आमच्या संगणकावर आपल्या कोणत्या माणसाने, कधी आणि काय बदल केले याचा लेखी तपशील. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे असतात, तेव्हा हा तपशील आपल्याकडे असायलाच हवा. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचे बंधनही त्यातच आहे. आपल्या शाखेला मी कळवले त्यानंतर आपण काय केले, हेही त्या तपशिलात यावे.

हे कार्यालय माझ्या उपजीविकेचे एकमेव साधन आहे. ही सेवा मी स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतली आहे, त्यामुळे ‘व्यावसायिक वापर’ असे कारण पुढे करून हात झटकू नयेत. मुदतीत समाधान झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. हे पत्र खरे तर आधीच जायचे होते, पण १६ सप्टेंबरपर्यंत आयकर रिटर्नची घाई होती आणि बाईंचे अर्धे काम मीच करत होते.

उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये, केल्यास मी तेच पुन्हा लेखी मागेन. आणि तंत्रज्ञ पाठवणार असाल तर आधी वेळ कळवून पाठवावा. २० तारखेला जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राची मुदत आहे, त्या दिवशी कोणी येऊ नये.

आपली विश्वासू,
(सही)
कर सल्लागार,
वरचा बाजार, फोंडा, गोवा