रंगाआधीच्या कामासाठी, ताई, तुमचे आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नैसर्गिक रंगांनी कापड रंगवण्याची आपली कार्यशाळा अजून व्हायची आहे, तरी हे पत्र आधीच आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे. एकदा रंग चढले की सगळे रंगांचंच कौतुक करतील. त्याआधी तुम्ही काय केलंत, ते सांगायचं राहून जाईल.

आम्ही तुमच्याकडे आलो ते झेंडू, मंजिष्ठ (लाल रंग देणारी मुळी), डाळिंबाच्या साली अशी यादी घेऊन. तुम्ही यादी बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "कापडाचं काय?" सुती कापडावर खळ असते आणि धाग्यात मेण असतं, ते निघाल्याशिवाय रंग सारखा बसत नाही, हे तुम्ही बोलून नाही तर करून दाखवलंत. धुण्याच्या सोड्यात कापड उकळल्यावर ते तपकिरी पाणी पाहून सगळे गप्प झाले. पांढरंशुभ्र दिसणाऱ्या कापडातून ते निघालं होतं! मग तुमची परीक्षा: वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. लगेच जिरला तर कापड तयार, मण्यासारखा वर थांबला तर पुन्हा उकळायचं. आता कुठलंही कोरं कापड हातात आलं की आधी हेच करावंसं वाटतं.

लोकर आणि रेशीम तुरटी सहज धरतात, सुताला आधी हिरड्याचा हात द्यावा लागतो. हिरड्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याला तुरटी धरून राहते आणि तुरटीला रंग. तुमचं प्रमाण आम्ही मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलंय: १ किलो कोरड्या कापडाला १५० ग्रॅम तुरटी. वजन भिजवण्याआधीच करायचं, हे तर दोनदा अधोरेखित केलंय.

हळद आणि बीट तुम्ही यादीतून काढलंत तेव्हा काही जण हिरमुसले. पण तुमचंच बरोबर होतं. हळद झटकन चढते आणि उन्हात तितक्याच झटकन उडते. बीटचा गुलाबी धुण्यात जातो. लोक जे घरी नेतील ते टिकलं पाहिजे, हा तुमचा हट्ट मला मनापासून पटला. नैसर्गिक रंग कच्चेच असतात असं म्हणणाऱ्यांना मंजिष्ठेत नीट रंगवलेला एक रुमाल दाखवावा. अर्थात पाणी खळखळू न देता, नाहीतर लाल तपकिरीकडे झुकतो.

नमुन्याच्या पट्ट्यांचं श्रेयही तुमचंच. झेंडूचं पाणी एकच, पण तुरटीवर पिवळाधमक आणि किंचित हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पडलं की शेवाळी. ही एक जोडी शिकणाऱ्याला तासाभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त सांगते, असं मला वाटतं. मोरचूद, म्हणजे तांब्याचा विषारी क्षार, तुम्ही दारातच अडवलंत, रंगाची पातेली स्वयंपाकापासून कायमची वेगळी केलीत, पूड मोजताना तोंडाला फडकं बांधायला लावलंत. यातलं काहीच ओरडून नाही.

कापड सगळं हिरडा-तुरटी होऊन वाळलंय, गठ्ठ्यांवर वजनाच्या चिठ्ठ्या आहेत. नीळ या वेळी घेतली नाही, ती तुमच्याशिवाय घालायची हिंमत नाही. पुढच्या खेपेला चुना-गुळाची नीळ घालायला याल ना? दिवस तुम्ही सांगा, बाकीची तयारी आमच्याकडे.

तुमची,
कार्यशाळेच्या गटातली एक