ओस शेते आणि टिटवीची वीण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबईजवळच्या भटकंतीसाठी आपल्या रविवार पुरवणीत नुकतीच गोराई-मनोरीच्या भातशेतांची शिफारस करण्यात आली, ती योग्यच आहे. पहाटेच्या बोटीने खाडी ओलांडली, तर मेअखेरच्या उकाड्यातही सकाळचे दोन-तीन तास पक्षी पाहण्यात बरे जातात. मात्र हाच काळ उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा असूनही त्याविषयी लेखात एक ओळ नसावी, याचे आश्चर्य वाटले.

भाताची कापणी झाल्यावर ही खाचरे पावसापर्यंत बहुतांशी ओस पडतात आणि नेमक्या या अवधीत टिटवी, माळटिटवी, चंडोल असे पक्षी तेथे संसार थाटतात. टिटवीचे घरटे म्हणजे ढेकळांमधला एक उथळ खळगा, भोवती थोडे खडे आणि आत मातकट रंगाची, काळसर ठिपक्यांची तीन-चार अंडी. पायाशी असली तरी ती चटकन दिसत नाहीत. पिले बाहेर येण्यास सुमारे चार आठवडे लागतात. पण भर उन्हाळ्यात खरी कसोटी अंडी उबवण्याची नसून ती भाजू न देण्याची असते. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरून उभी राहतात आणि जवळच्या डबक्यात पोटाची पिसे भिजवून आणून त्यांना गारवा देतात. माणूस जवळ येताच टिटवी कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागते. छायाचित्रकाराला ती पर्वणी वाटते, परंतु तेवढा वेळ अंडी उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेस उघडी पडलेली असतात.

गेल्या रविवारी काही हौशी मंडळींनी मोटारसायकली थेट खाचरात घातल्या होत्या, तर काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला कॅमेऱ्यासमोर बोलावत होते. त्याच शेतात एका मावशींनी घरट्यालगत फाटी रोवून ठेवली होती, टिलर चालवणाऱ्याच्या ध्यानात यावे म्हणून. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, हे सांगायला नकोच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडण्याबरोबरच अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे किती जणांना ठाऊक असेल?

आपली पक्ष्यांविषयीची हौस मुख्यतः हिवाळी आहे. राज्याचा पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबरला असतो आणि खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे कौतुकही थंडीपासूनच सुरू होते. वास्तविक मुंबईत जन्मलेल्या डॉ. सालिम अलींनी 1930 मध्ये किहीमला सुगरणीचा जो अभ्यास केला, तो तिच्या विणीचाच होता.

तेव्हा अशा लेखांसोबत एक छोटी चौकट छापावी, ही विनंती: वाहन रस्त्यावरच ठेवावे, बांध सोडून खाचरात उतरू नये, आवाज वाजवू नये, टिटवी ओरडू लागताच मागे फिरावे आणि घरट्याचे छायाचित्र ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नये. तारेवरचा कोतवाल, बाभळीवरचा खाटीक, शेतावर एका जागी पंख फडफडवत तरंगणारी कापशी हे सारे बांधावरूनही उत्तम दिसतात, त्यामुळे वाचकांच्या हौसेत काही उणे पडणार नाही.

आपला,
एक वाचक, बोरिवली (पश्चिम), मुंबई