कपाट सुताराकडे नाहीये, नाना

ती. नाना आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता आणि मग रात्रभर पंख्याकडे बघत पडता, हे आई मला दुसऱ्या दिवशी सांगते. म्हणून कागद घेतला. अक्षर मोठं काढलंय, तरी तुम्ही वाचू नका. आईला मोठ्याने वाचायला सांगा. ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही.

तर, कपाट दुरुस्तीला सुताराकडे दिलंय असं तुम्हाला सांगितलं होतं. ते सुताराकडे नाहीये.

तुम्ही दोघं डोळ्यासाठी जळगावला मामाकडे होतात, त्या दोन दिवसांत मी घर झाडायला काढलं. डॉक्टरांनी धूळ नको म्हणून बजावलं होतं, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. खालच्या खणातलं 'श्रीमान योगी' ओढलं तर ते हातात हलकं लागलं. एवढं जाडजूड पुस्तक आणि हलकं! वरून पुठ्ठा जसाच्या तसा, तुमची सही, खाली तुमच्या पहिल्या नेमणुकीचं साल. उघडलं तर आत पानंच नव्हती. मातीचे बोगदे होते, आणि कडेने बोटभर कागदाची चौकट उरली होती. वाळवीने पुस्तकाचा डबा करून ठेवला होता. मग एकेक काढत गेले. भिंतीला लागून असलेल्या तिन्ही खणांत तोच प्रकार. फळीला बोट लावलं तर बोट आत गेलं.

दादाने आणि मी मिळून कपाट परसात नेलं आणि जाळलं. पुस्तकांसकट. रद्दीवाल्याला द्यायचा विचार केला होता, पण वाळवी त्याच्या गाडीवरून आणखी कोणाच्या घरी गेली असती. आणि खरं सांगू, तुमची सही असलेली पुस्तकं तागडीत बघवली नसती. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही पट्टी बांधलेल्या डोळ्याने एसटीत बसला असतात, एकेक पान उन्हात वाळत घातलं असतंत आणि ती माती डोळ्यात गेली असती. रागवा, पण महिन्याने रागवा. आत्ता डोळ्यावर ताण नको.

आईला बोलू नका. तिने आल्याआल्या परसातली राख पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर खोचून चहा टाकायला गेली. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ तिला मीच घातली होती. राख भांड्यांना घेऊ नको एवढंच तिला म्हणाले, तर तिने ती गुलाबाला घातली.

आता खोक्याविषयी. दादा येत्या शनिवारी घेऊन येतोय. पुण्यात मी चार शनिवार दुकानं पालथी घातली. सगळं कपाट काही परत आणता येत नाही, आणि आणायचंही नाही. 'छावा' तुम्हाला पाठ आहे, ते घेतलं नाही. 'श्रीमान योगी' घेतलंय, पण ते छातीवर ठेवून, उताणं पडून वाचायचं नाही. त्याच्या सुरुवातीला नरहर कुरुंदकरांचं ते लांबलचक पत्र आहे ना, रणजित देसाईंना लिहिलेलं, ते या वेळी कादंबरी संपल्यावर वाचा. आधी वाचलं की आपण कुरुंदकरांचे शिवाजी महाराज शोधत बसतो आणि देसाईंचे निसटतात. माझं तसं झालं.

आणि 'स्वामी'. ते घ्यायला मी आधी नकोच म्हणत होते, तुम्हाला माहितीये का. घराच्या धाब्यावर गाद्या टाकलेल्या, लाइट गेलेली, कंदिलाला डास, आणि तुम्ही थेऊरचं शेवटचं प्रकरण वाचताय. माधवराव सत्तावीस वर्षांचे. रमाबाई सती जायला निघतात तिथे तुमचा आवाज बसला. "डोळ्यात डास गेला," म्हणालात. मी नऊ वर्षांची. मी खरंच तुमच्या डोळ्यात फुंकर घातली होती. परवा पट्टी काढताना डॉक्टर वाकले तेव्हा मला तीच फुंकर आठवत होती. घेतलं शेवटी.

बाकी पुस्तकं मात्र जोडीजोडीने बांधलीयेत. सुतळी तोडून वेगवेगळी करू नका, म्हणजे ओट्यावरच्या मंडळींना एकेक वाटून टाकू नका. तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे: कादंबरीत इतिहास जिवंत होतो, संशोधकांच्या पुस्तकात तो मेलेला सापडतो. पोस्टमास्तर काकांचं नेमकं उलटं. वीस वर्षं हे भांडण मी चहा देता देता ऐकलंय. माझं मत दोघांनाही आवडणार नाही. कादंबरी वाचून झाली की त्याच विषयाचं अस्सल काहीतरी लगेच, आठवड्याच्या आत वाचावं. कादंबरीची धग असते तोवर जुनी कागदपत्रं बोलतात. थंड झाल्यावर ती नुसती कागदपत्रं.

पहिली जोडी पानिपतची. विश्वास पाटलांचं 'पानिपत' तुम्ही १९८८ साली आलं तेव्हाच घेतलं होतंत, ते पुन्हा घेतलं. त्याला बांधलीय 'भाऊसाहेबांची बखर'. बखर आईने वाचायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायची. ती मुळी कानाने वाचायची गोष्ट आहे, डोळ्याने वाचली तर वाक्यं अंगावर येतात. तारखा आणि आकडे बखरीतून उचलू नका, त्यासाठी त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक तिसरं घातलंय. शेजवलकर भावनेला फार वारा घालत नाहीत. पोस्टमास्तर काकांना ते द्या, खूश होतील. पण परत घ्या.

आणि नाना, वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड, १८९८चा, तो पानिपतपर्यंतच्या दहा-अकरा वर्षांच्या पत्रांचाच. तुम्ही मला सहावीत असताना धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात नेलं होतंत. मला तिथल्या रुमालात बांधलेल्या मोडी कागदांपेक्षा बाहेरचा उसाचा रस जास्त आठवतो, हे आज कबूल करते. पण तुम्ही एसटीत सांगितलं होतं की हा माणूस गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या दुकानांतून पोती उचलत हिंडला, बावीस खंड काढले, आणि ३१ डिसेंबर १९२६ला आपल्या धुळ्यातच गेला. ती पोतीही वाळवीच्याच तोंडातून काढलेली असणार. हे मला कपाट पेटवताना आठवलं आणि काडी दादाच्या हातात दिली.

दुसरी जोडी थोडी विस्कळीत आहे. ना. सं. इनामदारांचं 'झेप', त्रिंबकजी डेंगळ्यांवरचं. इनामदारांचं सगळ्यांना 'राऊ' माहीत, पण मला 'झेप' त्याहून आवडतं. त्यात बाजीराव-मस्तानीसारखं सजलेलं काही नाही. पेशवाई बुडताना एक हुजऱ्या कारभारी होतो आणि इंग्रजांच्या डोळ्यात खुपतो, एवढंच. १८१६ साली ठाण्याच्या किल्ल्यातून तो पळाला आणि खानदेशाच्या डोंगरांत भिल्लांच्या आसऱ्याला राहिला. शेवट चुनारच्या तुरुंगात. याला जोडी म्हणून खानदेशचं जुनं गॅझेटियर शोधत होते. इंग्रजी आहे, अक्षर मुंगीएवढं. नाही घेतलं. दादा त्यातली भिल्लांची पानं मोबाइलवर मोठी करून दाखवेल, तेही दिवाळीनंतर.

'माझा प्रवास' मात्र एकटंच बांधलंय, त्याला जोडी लागत नाही. वरसईचा एक गरीब भिक्षुक, गोडसे भटजी, घरावर कर्ज, मथुरेला यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून निघतो आणि थेट सत्तावन्नच्या बंडात सापडतो. झाशीचा वेढा आतून बघितलेला माणूस. तुमची जुनी प्रत वाळवीने मागून खाल्ली होती, पण पुढची साठेक पानं शाबूत राहिली. ती मी माझ्याकडे ठेवलीयेत. समासात तुमच्या पेन्सिलीने दोन ठिकाणी "खोटं!" लिहिलंय आणि एका ठिकाणी "बिचारा". नवी प्रत घेताना चौकशी केली. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापताना गोडसे भटजींच्या मजकुरात बराच हात फिरवला होता, मुळाबरहुकूम छापलं ते दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली. तेव्हा तुमचं एखादं "खोटं!" वैद्यांच्या खात्यावर निघेल. पडताळून बघा.

आई, तू वाचत वाचत इथवर आलीस म्हणजे घसा सुकला असेल. पाणी पी. तुझ्यासाठी रमाबाई रानड्यांच्या आठवणी आहेत, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. तू म्हणशील मला कुठे वेळ. दुपारी भांडी झाल्यावर दोन पानं. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी, नवरा शिकवतोय आणि घरातल्या बायका बोलून बोलून जीव नकोसा करताहेत. तुझ्या सासूबाई आठवतील, मी काही म्हणत नाही. त्यात धुळं आहे. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या संशयाने न्यायमूर्ती रानड्यांची बदली धुळ्याला झाली आणि त्यांचं टपाल सरकार फोडून बघत होतं. ते प्रकरण आधी काढ. मग मला फोन कर, नानांना न ऐकवता.

आता नीट ऐका. कपाट लोखंडी घेतलंय, दादा आणतोय. लोखंडी कपाटात पुस्तकं तुरुंगात असल्यासारखी दिसतात हे मलाही कळतं. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायचं. भिंतीला औषध मारून घेतलंय. पुस्तकांत कडुनिंबाचा वाळलेला पाला, ओला नाही. थेंब वेळेवर, प्रत्येक बाटलीनंतर पाच मिनिटं थांबून. खाली वाकून खोकं उचलायचं नाही, दादा उचलेल. चाळीसचा बल्ब काढून टाकला आहे, तो परत लावू नका. माळ्यावर कुठे ठेवलाय तेही शोधू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा वाचन सुरू, तेही अर्धा तास, आणि भिंग बंद. बिबड्या तळून खात खात वाचायचं नाही, पानांना तेल लागतं आणि कोलेस्टेरॉलही आहे.

शेवटचं. जिभाऊंनी आपलं 'राऊ' नेलं त्याला बारा वर्षं झाली. तुम्ही त्यावरून दोन वेळा त्यांच्याशी बोलणं टाकलंत. त्यात तुम्ही शेवटच्या पानावर लिहिलंय की बाजीराव आपल्या खानदेशातल्या रावेरला वारले. नाना, ते नर्मदेकाठचं रावेरखेडी, मी तेव्हाही सांगितलं होतं. पण ते राहू द्या. कपाटातल्या पुस्तकांपैकी धड राहिलेलं तेवढं एकच आहे. जिभाऊंकडे जा, चहा घ्या, आणि ते मागू नका.

तुमची,
बेबी