मण्याचे भोक स्पष्ट, मणी धूसर

महोदय,

तेर, पैठणकडच्या जुन्या मण्यांची आणि नाण्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. बहुतेकांत मण्याचे भोक तेवढे स्पष्ट असते, बाकीचा मणी धूसर. यात कॅमेरा स्वस्त की महाग हा प्रश्न नसतो. वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी उमटेल इतके जवळ गेलो, की फुल-फ्रेम (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/८ ला (हे लेन्सच्या छिद्राचे माप, आकडा मोठा तितके छिद्र लहान) जेमतेम १ मिलिमीटर खोली फोकसमध्ये बसते. मणी मात्र १० मिलिमीटर जाड असू शकतो.

मग लोक एफ/२२ लावतात. खोली वाढते, पण इतक्या जवळून ते छिद्र एफ/४४ सारखे वागते आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. त्यापेक्षा एफ/८ वरच राहावे, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने फोकस सरकवत वीस-पंचवीस फोटो घ्यावेत आणि हेलिकॉन फोकस किंवा फुकट मिळणाऱ्या एन्फ्यूज या सॉफ्टवेअरने ते जोडून एकच फोटो करावा. सुरुवात मण्याच्या पुढच्या टोकाच्या किंचित अलीकडून करावी, शेवट मागच्या कडेच्या पलीकडे. मधला एखादा टप्पा सुटला तर तिथे धूसर पट्टा राहतो. तो कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

स्टँड पक्का हवा. ऑटोफोकस, ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, टायमर २ सेकंदांवर. छताचा पंखासुद्धा बंद. आपल्याकडे विजेचा दाब इतका खालीवर होतो, की एकाच मालिकेतले फोटो कमीजास्त उजळ येतात. चार्जिंगचा दिवा बरा. काचेच्या किंवा अकीकाच्या मण्यावर चकाकी येते, म्हणून दिव्यापुढे बटर पेपर धरावा.

नाण्याचे तंत्र वेगळे. ते जवळपास सपाट असल्याने सहसा एका फोटोत काम होते, फक्त कॅमेरा त्याला अगदी समांतर हवा. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचे प्रतिबिंब फ्रेमच्या मधोमध दिसले की जुळले. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवरची झिजलेली अक्षरे समोरच्या फ्लॅशने दिसेनाशी होतात. एकच दिवा वरच्या डाव्या बाजूने, अगदी तिरपा लावावा. तोच खालून लावला तर उठावाचा हत्ती खोलगट दिसतो! आणि फोटोसाठी नाणे घासणे हा तर शुद्ध अडाणीपणा. धूळ ब्लोअरने उडवावी, बस्स.

मोबाइल फार जवळ नेला की कित्येक फोन आपोआप वाइड लेन्सवर जातात, शिवाय फोनचीच सावली पडते. वीतभर मागे या आणि नंतर क्रॉप करा.

संपादकीय विभागाने असे फोटो मिलिमीटरच्या पट्टीसह मागवावेत. पट्टी टेबलावर नव्हे, नाण्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीत असावी, नाहीतर माप चुकते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणूनच. फोटो म्हणून पाठवले की बारीक तपशील वाटेतच गळतो.

— काही हौशी छायाचित्रकार, धाराशिव