मार्कशीटवर माहेरचे नाव म्हणून नोकरी गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकर ठेवण्याआधी त्याची पडताळणी करून घ्या, हे पोलिसांचे आवाहन कालच्या अंकात वाचले. पडताळणी व्हायलाच हवी. पण ती कशी केली जाते हे माझ्या मुलीच्या वेळी नुकतेच पाहिले, म्हणून लिहिते आहे.

नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पातल्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. दहावीपासून पदवीपर्यंतच्या मार्कशीटवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, आधारवर नवऱ्याचे. आपल्याकडे लग्न झालेल्या कितीतरी मुलींचे असेच असते. त्यातून बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापतात. कागद तपासायचे काम कंपनीने बाहेरच्या एजन्सीला दिलेले. तिथे कुणीतरी आडनावालाच पहिले नाव धरले आणि 'नाव जुळत नाही' असा शेरा मारून मोकळे झाले. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र दिले, तर म्हणे ॲफिडेव्हिट आणा. शंभरचा स्टॅम्प 2024 च्या ऑक्टोबरपासून चालत नाही, म्हणून पाचशेचा घेतला. मग राजपत्रात नाव छापून आणा म्हणाले. शेवटी मीच एचआरमध्ये फोन लावला. "काकू, मला कळतंय, पण सिस्टीममध्ये लाल दाखवतंय," असे तिथली मुलगी म्हणाली. तोवर जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती. माझ्या मुलीने काही लपवले नव्हते, तरी त्या एजन्सीकडे तिच्या नावावर तो शेरा आहेच. उद्या दुसऱ्या कंपनीने त्याच एजन्सीला विचारले तर?

माणूस तोच आहे का, हे पाहायचे तर आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, फोटोसकट माहिती समोर येते. ते सोडून झेरॉक्सवर झेरॉक्स मागतात. पूर्ण आधार नंबर असलेल्या त्या झेरॉक्स पुढे कुठे जातात, हे कुणी सांगत नाही. आधारचे शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत दिली, तर ती त्यांनी परत केली. जन्मतारखेसाठीही आधारच मागितले. भविष्य निर्वाह निधी संघटनेने तर जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार जानेवारी 2024 मध्येच वगळले आहे.

आणि जिथे तपासायला हवे तिथे काय चालते? आमच्या सोसायटीच्या फाटकावर एजन्सी वरचेवर नवा सुरक्षारक्षक उभा करते. रक्षकाची पूर्वपीठिका तपासल्याशिवाय त्याला कामावर ठेवू नये, असे खासगी सुरक्षा एजन्सींसाठीचा 2005 चा कायदा सांगतो. पडताळणीचा कागद मागितला की सुपरवायझर म्हणतो, "देतो न मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." तोवर तो रक्षक बदललेला असतो. रात्री आमच्या घरांच्या किल्ल्या त्याच केबिनमध्ये टांगलेल्या असतात.

पोलिसांनी आवाहन केले ते ठीक. आता ठाण्यातला एखादा कर्मचारी या एजन्सींच्या ऑफिसात पाठवून त्यांचे रजिस्टर उघडून पाहावे. आणि मिहान, बुटीबोरीतल्या कंपन्यांनी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र पुरेसे आहे असे लेखी जाहीर करावे.

– एक निवृत्त शिक्षिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर