‘शक्यतो’ हा शब्द खोडायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही ‘अहो, महासंघाचं कामच आहे ते’ म्हणता आणि पुढच्या बैठकीची तारीख विचारता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

आमची युनियन स्थापन होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा 11 जणांना गेटवर अडवलं. लेखी काही दिलं नाही. ‘हजेरीच्या यादीत तुमची नावं नाहीत’, एवढंच सुरक्षारक्षक सांगत होता. अकराही जण वर्गणी गोळा करणारे नाहीतर कार्यकारिणीतले. आत काम करणाऱ्यांना काय समजायचं ते समजलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आमच्या माणसांशेजारी कुणी बसेना.

मला एक गोष्ट कबूल करायची आहे. महासंघाशी, म्हणजे अनेक युनियननी मिळून केलेल्या संघटनेशी, संलग्न व्हायचं का, यावर आमच्यात वाद झाला तेव्हा विरोध करणाऱ्यांत मी पुढे होतो. आपला मालक, आपलं गेट, आपला प्रश्न. मग बाहेरच्यांना वर्गणी कशासाठी, असं माझं म्हणणं होतं. तरीही बोलावल्यावर तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात. आल्या आल्या भाषण केलं नाहीत. अकरा जणांना एकेक करून समोर बसवलंत आणि कामावर लागल्याची तारीख, शेवटची पगारपावती, गेटवर कोण काय बोललं, ते तारखेसह उतरवून घेतलंत. पुढे आमची बाजू टिकली ती त्या नोंदींवर.

वाटाघाटीची पहिली बैठक मी विसरणार नाही. ‘चौकशी केल्याशिवाय काढायचं नाही, असं कलम या धंद्यात कुठेच नसतं,’ असं व्यवस्थापनाचे अधिकारी ठासून म्हणाले. आमच्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही पिशवीतून फाईल काढलीत आणि एक कागद टेबलावर सरकवलात. याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यातला करार, त्यात नेमकं तेच कलम, आणि खाली त्याच अधिकाऱ्यांची सही. ते आपल्याच सहीकडे बराच वेळ बघत राहिले. त्या दुसऱ्या कारखान्यातल्या कामगारांना आम्ही कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी लढून मिळवलेलं कलम महासंघाच्या कपाटात जपून ठेवलेलं होतं, म्हणून ते आमच्या कामी आलं. मालक एकमेकांना विचारूनच पगार ठरवतात. आपल्याकडे मात्र एका गेटवरची माहिती दुसऱ्या गेटवर न्यायला महासंघाशिवाय कोण आहे? माझा विरोध त्या टेबलावरच संपला.

मधल्या तीन आठवड्यांत बोलणी रखडली होती आणि माणसं खचत चालली होती. तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतलात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1949 चा 98 क्रमांकाचा करार आम्ही तिथे पहिल्यांदा ऐकला. युनियनचा सभासद आहे म्हणून कुणाला कामावरून काढण्यापासून संरक्षण हवं, हे त्याच्या पहिल्याच कलमात आहे. त्याआधीच्या वर्षीच्या 87 क्रमांकाच्या कराराचं पाचवं कलम तर आमच्या वादाचंच होतं: संघटनांना महासंघ उभारण्याचा आणि त्यात सामील होण्याचा हक्क आहे. 1951 पासून तिथे संघटना-स्वातंत्र्य समिती काम करते, आणि देशाने ते करार मंजूर केलेले नसले तरी तिच्याकडे तक्रार जाऊ शकते. मात्र ती एकट्यादुकट्या कामगाराची तक्रार घेत नाही, संघटनेची घेते. हे ऐकून मागच्या रांगेतला एक जण ‘म्हणजे आपली जाऊ शकते’ असं मोठ्याने म्हणाला होता.

युरोपची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. 1973 साली स्थापन झालेल्या तिथल्या कामगार महासंघाने 1995 मध्ये मालकांच्या संघटनांबरोबर पालक रजेचा करार केला, आणि पुढच्याच वर्षी युरोपीय संघाने तो कायद्यात उतरवला: मूल झाल्यावर आई आणि बाप दोघांनाही किमान तीन महिने रजेचा हक्क. एका कारखान्याच्या युनियनला हे जन्मात जमलं नसतं. पण तुम्ही हरलेली लढाईही लपवली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वीडनमध्ये एका शाळेच्या बांधकामावर लॅटव्हियाच्या कंपनीने तिथला सामूहिक करार मानायला नकार दिला, युनियनने काम रोखलं, आणि 2007 मध्ये युरोपीय न्यायालयाचा निकाल युनियनच्या विरोधात गेला. परदेशातून पाठवलेल्या कामगारांना स्थानिकांइतकाच मोबदला मिळावा, अशी दुरुस्ती व्हायला 2018 उजाडलं. अकरा वर्षं. आमचे तीन आठवडे त्यापुढे लहान वाटू लागले.

त्या तीन आठवड्यांत अकरा घरं चालली ती महासंघाच्या मदतनिधीवर. तो पैसा कुठल्या कुठल्या युनियननी जमवलेला. त्यांचेही आभार या पत्रातच मानतो.

शेवटी समझोत्याचा मसुदा आला. ‘सर्व कामगारांना शक्यतो लवकर कामावर घेण्यात येईल.’ आम्हाला तर रडूच यायचं बाकी होतं, सहीला पेनही काढलं होतं. तुम्ही पेन्सिलीने ‘शक्यतो’भोवती गोल केलात आणि शांतपणे विचारलंत, ‘तारीख कुठाय?’ मग ‘मागील सेवेच्या सातत्यासह’ हे शब्द घालायला लावलेत आणि थकलेल्या पगाराचं कलम वेगळं लिहून घेतलंत. सही आणखी दोन दिवस लांबली. त्या दोन दिवसांत मी तुमच्यावर चिडलो होतो, ताई. माफ करा.

अकराही जण आज कामावर आहेत. वर्गणीची पावती पुस्तकं माझ्याकडे आहेत, आणि महासंघाचा वाटा दर महिन्याला मी स्वतः भरतो. आमच्या कराराची प्रत तुमच्या फाईलसाठी पाठवतोय. सोबत तो कच्चा मसुदाही जोडलाय, पेन्सिलीच्या गोलासकट. दुसऱ्या कुठल्या गेटवर लागेल.

तुमचा,
पॅकिंग विभागातला एक कामगार